खंडित मूर्तींचे सर

सर गेल्याचा मेसेज आमच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवर सकाळी आला आणि दुपारपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. 'ॐ शांति', 'विनम्र श्रद्धांजलि', 'बहुत सरल व्यक्ति थे'. सरल! या माणसाबरोबर मी धारच्या त्या शाळेत सात वर्षं काढली आहेत. इतका हट्टी आणि डोक्याला ताप देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकाने लिहिलं, सर गणित फार सुंदर शिकवायचे. सर इतिहास शिकवायचे. मी दुरुस्ती करायला अर्धं वाक्य लिहिलं आणि पुसून टाकलं. त्यांच्याशी मी स्वतः जे वागले ते आठवलं, आणि दुसऱ्यांच्या चुका काढायची माझी हिंमत झाली नाही.

स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. मी देवासची, लग्न होऊन धारला आलेली. सर तिथलेच, पणजोबा संस्थानात कारकून होते असं सांगणारे. माझं सगळं शिक्षण हिंदीत झालेलं, त्यामुळे माझ्या मराठीत दर चौथा शब्द हिंदी. सरांची मराठी मात्र माझ्या आजीच्या वेळची. बायकोचा उल्लेख ते 'आमचं कुटुंब' असा करत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "ताई, आपण कुणाच्या?" मी गडबडून शाळेचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "शाळा नव्हे हो. माहेर विचारतोय."

त्यांच्याकडे एक काळी सायकल होती. ती त्यांनी चालवलेली मी कधी पाहिली नाही. ते तिला हाताशी धरून पायी चालत आणि शेजारून जो कुणी चालत असेल त्याच्याशी बोलत. सायकलवर बसलं की बोलणं तुटतं, असं त्यांचं म्हणणं. मग आणतातच कशाला, असं मी एकदा विचारलं. "हात मोकळे राहिले की मी फार हातवारे करतो, लोकांना लागतं," म्हणाले. माळव्यात जन्म काढून हा माणूस पोह्यांवर शेव घेत नसे. शाळेसमोरचा पोहेवाला रोज सवयीने शेवेची मूठ भरायचा आणि सर रोज ओरडायचे, "भिया, नको! बिलकुल नको! पोहे दिसू देत." यावरून त्या दोघांचं रोज सकाळी भांडण व्हायचं आणि दोघांनाही ते आवडत असावं.

वर्गात खोडरबराला बंदी होती. सातवीचा वर्ग त्यांच्याकडे असे आणि जूनमध्ये पहिलं काम म्हणजे सगळ्यांचे रबर जप्त. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ते जमा होत. स्ट्रॉबेरीच्या वासाचे, गाडीच्या आकाराचे, नावं कोरलेले. मार्चमध्ये परत मिळत, पण तोवर कुणाला आपला कुठला ते ओळखता येत नसे. "गलत लाइन खिंची, तो बाजू में दूसरी खींचो. दोनों रहने दो," असं ते मुलांना सांगत. पालकांच्या बैठकीत एका वडिलांनी यावर तक्रार केली की वही फार गंदी दिसते. सरांनी ती वही मागवून घेतली, चाळली आणि म्हणाले, "बहुत अच्छी गंदी है."

पण सरांची खरी कीर्ती, किंवा अपकीर्ती म्हणा, शनिवारची. शनिवारी शेवटचे दोन तास सातवीचा वर्ग शाळेत नसायचा. आमच्या शाळेपासून पायी बारा मिनिटांवर एक लहानसं संग्रहालय होतं. सर पुढे सायकल घेऊन, मागे दोन-दोनच्या जोडीने चाळीस पोरं, आणि सर्वांत शेवटी मी, कारण मुलींबरोबर एक मॅडम हवी असा नियम होता. पहिल्या शनिवारी मला वाटलं, चला, दोन तास पाय मोकळे होतील. सरांनी मलाही एक पुठ्ठा, एक कागद आणि पेन्सिल दिली. म्हटलं, सर, मला चित्र येत नाही. "तेच बरं. ज्यांना येतं ते पाहत नाहीत," म्हणाले.

त्यांची पद्धत अशी. आत शिरलं की आधी मूर्तींखालच्या सगळ्या माहितीच्या पाट्या वर्तमानपत्राच्या कागदाने झाकायच्या. तिथल्या चौकीदाराला सर दादा म्हणत. दादा या कामात आनंदाने मदत करायचे. मग प्रत्येक मुलाने एक वस्तू निवडायची. एकच. चाळीस मिनिटं तिच्यासमोरून हलायचं नाही. आधी तिच्यासारखं उभं राहायचं किंवा बसायचं. एका खांबावर पायातला काटा काढणारी बाई होती, चेहरा पार झिजून गेलेला. तिच्यासमोर पोरं एका पायावर उभी राहून डुगडुगायची. सर विचारायचे, "वजन कहाँ गया? कमर में कि एड़ी में? थकी है कि मजे में है?" कुणी म्हणायचं थकलीय, कुणी म्हणायचं नाटक करतेय. मग चित्र. चित्र झाल्यावर गोल बसून बोलणं, आणि त्यानंतर कुठे पाटीवरचा कागद निघायचा. तोवर पोरांनी त्या दगडाचं वय, काम, घर सगळं आपल्या मनाने ठरवलेलं असे, आणि पाटीवर लिहिलेली ओळ वाचताना ती पाटीशी भांडत. मी स्वतः इतिहास शिकूनच शिक्षिका झाले होते, पण शतक या शब्दाला जाडी असते हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

आणि एक नियम सर्वांत कडक होता. तिथल्या बहुतेक मूर्ती तुटलेल्या. कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही, एक गणपती सोंडेवाचून. जे तुटलंय ते पूर्ण करायचं नाही. मुलं आपसूक पूर्ण करतात. डोळ्यांसमोर हात नसताना कागदावर छान पाच बोटांचा हात काढून मोकळी होतात. असं चित्र दिसलं की सर त्या मुलाला हाताला धरून मूर्तीजवळ नेत आणि विचारत, "ये हाथ किधर है? मेरे को दिखा." मूल म्हणे, सर, था तो होगा ना. "था होगा. पर तूने देखा?" मग त्या मुलाला नवीन कागद मिळे आणि तो पुन्हा पहिल्यापासून.

आता तुटलेली मूर्ती पाहिली की कुणीतरी विचारणारच, किसने तोड़ी. आमच्या गावात या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाच्या घरी तयार असतं आणि मुलं ते घरून घेऊनच येतात. सर एकेकाला बोलू देत. मग विचारत, "तू वहाँ था? तेरे पास कागज है? पाटी पे लिखा है?" नाही. "तो वही में लिखो, पता नहीं." गिरी होगी, बिजली पड़ी होगी, गाड़ी में ले जाते टूटी होगी, किसी ने तोड़ी भी होगी. अपने को पता नहीं. त्यांच्या परीक्षेत शेवटचा प्रश्न असे, 'आपको क्या पता नहीं है, पाँच वाक्य में लिखिए.' याला सर्वांत जास्त गुण. मुलं घरी गेल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. एक पालक शाळेत येऊन ओरडून गेले की इतिहास में 'पता नहीं' लिखाने की फीस देते हैं क्या हम. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे म्हणाले, "भिया, बाकी जवाब तो मुफ्त में मिलते हैं."

पण खरा घोळ दुसऱ्याच गोष्टीने झाला. वर्गातल्या एका मुलीच्या आजींनी तिची चित्रांची वही तलावात सोडून दिली. नातीने बिनहातांची देवी काढून देवघराजवळ भिंतीला लावली होती, आणि खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत. फोटो असो, चित्र असो, नाहीच ठेवत. माझ्या माहेरीही नाही ठेवत. आजी अपशकुन नको म्हणून ती वही नीट, हळदकुंकू वाहून, पाण्यात सोडून आल्या. मुलगी रडत शाळेत आली. सर संध्याकाळी सायकल घेऊन त्यांच्या घरी गेले, मलाही नेलं. मला वाटलं भांडतील. त्यांनी आजींना नमस्कार केला आणि म्हणाले, "माँसाब, आपने ठीक किया. आपने उसको देवी माना. हमारी बड़ी मॅडम तो उसको ड्रॉइंग समझती हैं." आजी खूश झाल्या, चहा झाला. दुसऱ्या दिवसापासून मात्र वह्या घरी नेणं बंद झालं. त्या शाळेतच एका कपाटात राहू लागल्या. चावी सरांकडे.

बड़ी मॅडम म्हणजे आमच्या प्राचार्या. त्या वाईट बाई नव्हत्या. शाळा चालवायची तर ट्रस्टला खूश ठेवावं लागतं, एवढंच त्यांना कळत होतं. त्या वर्षी ट्रस्टचे लोक पाहणीला येणार होते आणि मॅडमच्या मनात आलं की सातवीच्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लावावं. सर हरखले. इतक्या वर्षांत शाळेने त्यांच्या शनिवारची दखल घ्यायची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी प्रत्येक मुलाचं एक चित्र निवडलं, पाठीमागे जाड पुठ्ठे चिकटवले, आणि प्रत्येकाखाली लावायला पोरांनीच लिहिलेल्या चिठ्ठ्या तयार केल्या, 'मैंने क्या देखा' आणि 'मुझे क्या पता नहीं'. त्याच आठवड्यात त्यांच्या कुटुंबाच्या डोळ्याचं ऑपरेशन इंदूरला ठरलं. चार दिवस जाणं भाग होतं. जाताना कपाटाची चावी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "ताई, चित्रं तुमच्या हवाली."

दुसऱ्याच दिवशी मॅडमने मला चित्रं घेऊन बोलावलं. त्यांनी ती टेबलावर पसरली. "ये सब क्या है? बिना हाथ के, बिना मुँह के? ट्रस्ट वाले धार्मिक लोग हैं. हॉल में खंडित मूर्तियाँ टाँगेंगे अपन?" मी म्हटलं, सर आल्यावर विचारू. "सर परसों आएँगे, मेहमान भी परसों. बच्चों से पूरा करवा लो. बस हाथ-नाक ही तो हैं." आणि मग त्यांनी सहज, फाइल मिटता मिटता, विचारलं, "तुम्हारा परमानेंट का इसी महीने है ना?"

मी अगदी सरळ सांगते. मी एवढंही नाही म्हटलं की मला विचार करू द्या. मी 'जी मॅडम' म्हटलं.

मुलांना हॉलमध्ये बसवलं. पूर्ण करायचं म्हणजे आधी तुटलेल्या जागेच्या ओबडधोबड रेघा पुसायला हव्यात. रबर नव्हते. मी सरांच्या टेबलाखालचा तो बिस्किटांचा डबा काढला आणि चाळीस जणांना वाटला. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, सर को पता है?" मी म्हटलं, हाँ बेटा, पता है. मग काय, पोरं आनंदाने कामाला लागली. कितीतरी महिन्यांनी रबर मिळाला होता. कुणी बांगड्या घातल्या, कुणी नथ चढवली, सोंडेत मोदक दिला. काटा काढणाऱ्या बाईला मोठे मोठे डोळे आले आणि ती लग्नपत्रिकेवरच्या बाईसारखी हसायला लागली. 'मुझे क्या पता नहीं'च्या चिठ्ठ्या मॅडमने लावू दिल्या नाहीत. मला त्याचंही फारसं वाटलं नाही, कारण माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की परवापर्यंत सगळं वेळेवर व्हावं.

सर इंदूरच्या बसने थेट शाळेतच आले. पिशवी खांद्याला, दाढी वाढलेली. पाहुणे अजून यायचे होते. ते दारातून आत आले, पहिल्या चित्रासमोर उभे राहिले, आणि त्या चित्राच्या मुलाला बोलावलं. "ये हाथ तूने देखा था?" "नहीं सर." "फिर?" "मॅडम ने बोला, सर." ते दुसऱ्याकडे गेले. "ये नाक?" "मॅडम ने बोला." तिसरा. चौथा. पाचव्यापासून ते नुसती चित्रं बघत पुढे आले. मी रांगेच्या टोकाला आरतीचं तबक घेऊन उभी होते. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. पोहेवाल्यावर ओरडतात तसं ओरडावं. ते माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "आमच्या कुटुंबाला आता स्वच्छ दिसतंय हो. पट्टी काल काढली." आणि पिशवी घेऊन निघून गेले.

पाहुण्यांना प्रदर्शन फार आवडलं. एवढी सुंदर चित्रं सातवीची मुलं काढतात, यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, हॉल में मंदिर जैसा लग रहा है. त्या आनंदात मॅडमने जाहीर केलं की आता मुलांना उन्हात बाहेर न्यायची गरज नाही, अखंड मूर्तींचे चांगले रंगीत फोटो आणून वर्गातच चित्रकला घेता येईल, आणि शनिवारचे शेवटचे दोन तास स्मार्ट क्लासचे राहतील. महिनाअखेरीस मी परमानेंट झाले.

सर लढतील असं मला वाटलं होतं. शेवेवरून वर्षानुवर्षं लढणारा माणूस. ते लढले नाहीत. मी चावी परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी ती घेतली आणि खिशात टाकली. मी म्हटलं, सर, माझी चूक झाली. "मुलांची नाही झाली ना, मग असू दे," म्हणाले, आणि पुढच्या तासाला गेले. त्यानंतर रिटायर होईपर्यंतची दोन वर्षं त्यांनी पुस्तकातून शिकवलं. धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची, मुलांनी उतरवून घ्यायची. मी कधी शेजारच्या वर्गात असले की भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, एका लयीत, कुठे न थांबता. किसने बनवाया, कब बनवाया, किसने तोड़ा. सगळ्याची उत्तरं. मुलांचे गुण वाढले. पालकांच्या बैठकीत आता कुणी तक्रार करत नसे. एका वडिलांनी तर त्यांचे आभार मानले आणि सरांनी हात जोडले. मला त्या क्षणी रडू आलं आणि मी बाहेर जाऊन पाणी प्याले.

शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला. पुढच्या महिन्यात माझ्या नवऱ्याची बदली देवासला झाली. जायच्या आधी मी सरांच्या घरी गेले. काय बोलावं कळेना, म्हणून बोलून गेले, "सर, मला तिकडच्या शाळेत नोकरी लागतेय. मी तिथली मुलं घेऊन येईन. इथे, शनिवारी. तुम्ही शिकवा, अगदी पूर्वीसारखं." मी हे बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. आपण नाही का म्हणत, या एकदा जेवायला. पण सर उठून उभेच राहिले. "पक्कं?" म्हणाले. मी म्हटलं, पक्कं.

त्यानंतर दर दिवाळीच्या पाडव्याला त्यांचा फोन. ख्यालीखुशाली, फराळ झाला का, मुलगा कितवीत, आणि शेवटी, "मग केव्हा आणता?" पहिल्या वर्षी मी नवीन होते. दुसऱ्या वर्षी बस मिळाली नाही. मग दोन वर्षं शाळाच बंद होत्या. मग परीक्षा आधी आल्या. एका वर्षी मी फोन उचललाच नाही आणि दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांचं कुटुंब आठ दिवसांपूर्वीच गेलं होतं. मी उलट फोन केला. त्यांनी बाईंच्या आजारपणाचं सगळं सांगितलं, औषधांची नावं, शेवटचा दिवस. आणि मग, "मुलांचं या वर्षी नाहीच ना जमत?" संग्रहालयाच्या दादांशी एकदा बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मास्साब तो हर शनिचर आते हैं. बैठते हैं, चले जाते हैं. मैंने पूछा, किसका रस्ता देखते हो? बोले, देवास से आने वाले हैं."

गेल्या हिवाळ्यात जमलं एकदाचं. आमच्या शाळेची सहल मांडूला निघाली आणि धार वाटेतच लागतं. मी हट्टाने कार्यक्रमात लिहून घेतलं, संग्रहालय, पाऊण तास. सरांना फोन केला. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "किती जण?" "बेचाळीस." "ताई, पाऊण तासात एकच वस्तू होईल हं. चालेल ना तुमच्या शाळेला?" मी म्हटलं, चालेल.

सहल म्हटली की जे व्हायचं ते झालं. बायपासवर दोघांना गाडी लागली. घाटाबिल्लोदला पोहे-जिलबीला थांबलो तर बेचाळीस प्लेटी व्हायला तास गेला. सहलीचे प्रमुख आमचे खेळाचे सर, ते मला म्हणाले, "मॅडम, मांडू में खाना एक बजे का बोला है, गाइड भी खड़ा है. म्यूजियम को बीस मिनट. उससे ज्यादा नहीं." शिट्टी त्यांनी माझ्या गळ्यात घातली, कारण धार माझं होतं.

सर पायरीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पण तो खांद्यांवरून लोंबत होता. किती वाळले होते! दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुबह आठ बजे से बैठे हैं. मैंने बोला ताला दस बजे खुलेगा. बोले, कोई बात नी." आत बाकावर खोके कापून केलेले बेचाळीस पुठ्ठे, प्रत्येकाला चिमट्याने लावलेला कागद, आणि टोक काढलेल्या पेन्सिली. सगळ्या पाट्या झाकलेल्या. मी हळूच म्हटलं, "सर, वीसच मिनिटं आहेत." त्यांनी पुठ्ठ्यांकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. "मग नुसतं उभं राहू. काढायचं त्याने काढावं."

पोरं मोबाइल काढून फोटो घेत पळत होती. कुणी मूर्तीच्या गळ्यात हात टाकून, कुणी जीभ काढून. सर मधोमध गेले, त्या काटा काढणाऱ्या बाईसमोर, आणि स्वतः एका पायावर उभे राहिले. सत्तरीला टेकलेला माणूस, एक पाय वर, कंबर वाकडी, मान खाली. पोरं खदखदून हसली. सर हलले नाहीत. "हँसो मत, करके देखो," म्हणाले. एकाने केलं. मग चौघांनी. मग बघता बघता सगळा हॉल एका पायावर. "वजन कहाँ गया?" हसू थांबलं. कुणीतरी पडलं, उठलं, पुन्हा उभं राहिलं. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, एड़ी में... नहीं, रुको. कमर में." सरांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांनी पाहिला. ती मुलगी पुठ्ठा घेऊन खाली बसली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग दहा, पंधरा. मोबाइल खिशात गेले. हॉलमध्ये फक्त कागदावर पेन्सिली चालल्याचा आवाज, आणि सर एकेकाजवळ वाकून, न बोलता, नुसतं बघत पुढे जात होते.

खेळाच्या सरांनी दारातून मला घड्याळ दाखवलं. मी मान हलवली, पाच मिनिटं. त्यांनी पुन्हा दाखवलं. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी म्हणू शकत होते की मांडू कुठे पळत नाही. जेवण थंड होईल, होऊ दे. देवासलाही मी परमानेंट होते, माझं कुणी काही बिघडवू शकत नव्हतं. मी शिट्टी वाजवली.

ती मुलगी वर बघून म्हणाली, "मॅडम, मेरा तो अभी पैर ही हुआ है."

"बाकी का बस में पूरा कर लेना," मी म्हटलं.

सर तिच्याच शेजारी वाकलेले होते. ते हळूहळू सरळ झाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पोरं उठली, पुठ्ठे बाकावर आणि जमिनीवर टाकून धावली, दोन-चार जणांनी 'थँक यू सर' म्हटलं.

बसच्या दाराशी उभी राहून मी चढणाऱ्या पोरांची डोकी मोजत होते. सर फाटकापर्यंत आले आणि माझं मोजणं संपेपर्यंत थांबले. मग विचारलं, "ताई, तुम्ही काय पाहिलंत आत?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला एकही मूर्ती आठवेना. पाच वर्षं दर शनिवारी मी त्या हॉलमध्ये बसले होते, आणि आज तिथे काय होतं, काय नव्हतं, मला सांगता येईना. खोटं बोलावंसंही वाटलं नाही.

"सर, मी पोरं मोजत होते."

"सगळी आली ना?"

"हो. बेचाळीस."

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच काळजी होती. "मग झालं," ते म्हणाले, आणि गाडी सोड म्हणून ड्रायव्हरला त्यांनीच हात केला.